उपदेश न करता अंतर्मुख करणारे आध्यात्मिक चित्रपट सुचवाल का?

ओंजळ

नमस्कार. आम्ही काही मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादा चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर सावकाश बोलतो. येत्या काही महिन्यांसाठी आध्यात्मिक प्रेरणा देणारे चित्रपट घ्यावेत असे ठरले असून निवडीचे काम माझ्याकडे आले आहे. गटात नित्यनेमाने उपासना करणारे आहेत आणि देव या कल्पनेशी काहीही देणेघेणे नसलेलेही आहेत. दोघांनाही सारख्याच गांभीर्याने पाहता येईल असे काहीतरी मी शोधत आहे.

या प्रकारातले जे चित्रपट मी आजवर पाहिले, त्यांपैकी बऱ्याच चित्रपटांत भक्तावर संकट येते, तो देवाचा धावा करतो, कुठूनतरी प्रकाशाचा झोत पडतो आणि संकट नाहीसे होते. उरलेल्यांपैकी काहींत एखादा ज्ञानी पुरुष थोड्याथोड्या वेळाने सुविचार सांगतो आणि भोवतालची माणसे ते निमूटपणे ऐकून घेतात. असे चित्रपट पाहताना माझ्या मनात काहीच हलत नाही. ज्याचे दुःख इतक्या सहज मिटते त्याच्याशी माझे नाते जुळत नाही, आणि ज्याला सगळी उत्तरे आधीच ठाऊक आहेत त्याच्याबरोबर मला कुठे जाता येत नाही.

मृत्यू, क्षमा, समर्पण, एकाकीपणा यांच्याकडे प्रामाणिकपणे पाहणारे आणि पाहून झाल्यावर आपल्या जगण्याच्या रीतीबद्दल विचार करायला लावणारे चित्रपट मला हवे आहेत. भाषा आणि देश कोणताही चालेल, उपशीर्षके वाचायची आम्हाला सवय आहे. चित्रपट संथ असला तरी हरकत नाही, मात्र त्या संथपणाला कारण असावे. केवळ नावे सांगण्यापेक्षा तो चित्रपट आपल्याला का महत्त्वाचा वाटतो हे लिहिलेत तर निवड करणे सोपे जाईल.

निरंजन

चमत्कार आला की चित्रपट उथळ झाला, असे आपण धरून चालला आहात असे मला वाटते, आणि त्याबाबत माझे मत वेगळे आहे. चमत्कार दाखवावा की दाखवू नये हा प्रश्न दुय्यम आहे. त्या चमत्काराच्या आधी माणसे काय सोसतात, ते सोसणे दिग्दर्शक किती वेळ आणि किती जवळून पाहतो, आणि चमत्कारानंतर त्या माणसांच्या अंगावर कोणती जबाबदारी येते, हे मी पाहतो. या कसोटीवर दोन चित्रपट मला सर्वांत आधी सुचवावेसे वाटतात आणि दोन्हींत चमत्कार आहेत.

पहिला प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. तो १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणूनच हा चित्रपट ‘पाहिलेला आहे’ असे समजून बाजूला ठेवला जातो. कृपया तसे करू नका. त्यात धान्य वाढते, नदीत बुडवलेल्या वह्या वर येतात, शेवटी विमानही उतरते, आणि तरीही त्या चित्रपटाचा कणा जिजाई आहे. घरात दाणा नाही, मूल तापलेले, नवरा देवळात भजनात दंग, अशा वेळी ती मुलाला ओढत देवळात जाते आणि हातात चप्पल घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारते. गौरी या अभिनेत्रीने हा प्रसंग इतक्या खरेपणाने केला आहे की तिचा राग हाही भक्तीचाच एक प्रकार वाटू लागतो. जिच्याशी आपले काही नाते नाही अशा मूर्तीवर कोणी चप्पल उगारत नाही.

दिग्दर्शकांनी जिजाईला कुठेही हिणवलेले नाही, हे मला त्या चित्रपटाचे सर्वांत मोठे आध्यात्मिक मूल्य वाटते. तुकोबांची विरक्ती जितकी खरी, तितकीच तिची पोरांच्या पोटाची काळजी खरी. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबा परत करतात तेव्हा आपल्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी येतात: हा माणूस थोर आहे, आणि या थोरवीची किंमत त्याची बायको मोजते आहे. शेवटी वैकुंठाला जाताना तुकोबा तिला सोबत चलण्याबद्दल विचारतात आणि ती संसारातच राहते. आपल्या गटातल्या श्रद्धावान आणि अश्रद्ध अशा दोन्ही मंडळींना बोलायला इथे भरपूर आहे, कारण चित्रपट दोघांपैकी कोणाचीही बाजू सोपी करत नाही.

संगीताबद्दलही सांगायला हवे. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा ते समोर बसलेल्यांसाठी गात आहेत असे कधी वाटत नाही. ‘आधी बीज एकले’ ही रचना शांताराम आठवले यांची आहे, पण ती संतवाणीत अशी मिसळून गेली की अनेकांनी ती तुकोबांचीच मानली.

दुसरा चित्रपट डेन्मार्कचा, कार्ल थिओडोर ड्रायर यांचा ‘ऑर्डेट’, १९५५ सालचा. काय मुंक या धर्मोपदेशक नाटककाराच्या नाटकावर तो आधारित आहे. एका शेतकरी कुटुंबात म्हातारा बाप श्रद्धाळू आहे, थोरल्या मुलाचा विश्वास उडालेला आहे, आणि मधला मुलगा योहानेस धर्मशास्त्राचा अभ्यास करता करता भ्रमिष्ट होऊन स्वतःला ख्रिस्त समजू लागला आहे. थोरल्याची बायको इंगर हीच त्या घराला एकत्र बांधून ठेवणारी. गावातल्या दुसऱ्या एका पंथाच्या कुटुंबाशी सोयरीक व्हावी की नाही यावरून दोन म्हातारे भांडतात, आणि दोघेही एकाच देवाचे नाव घेऊन भांडतात. पुढे इंगरचे बाळंतपण अडते. त्यानंतर काय होते ते मी सांगणार नाही, आणि आपणही गटाला आधी सांगू नका. दोन तासांत जेमतेम शंभर-सव्वाशे शॉट्स आहेत. कॅमेरा खोलीतून हळूहळू फिरत राहतो, माणसे येतात, बसतात, बोलतात, उठून जातात. हा संथपणा सकारण आहे, कारण शेवटच्या वीस मिनिटांत जे घडते त्यावर विश्वास बसण्यासाठी आपल्याला त्या घरात खूप वेळ राहिलेले असावे लागते. एक लहान मुलगी आपल्या काकाचा हात धरून उभी राहते त्या क्षणी चित्रपटातले सगळे वाद निरर्थक होतात.

पारिजात

निरंजन यांनी चमत्काराची बाजू समर्थपणे मांडली आहे. मला मात्र असे दोन चित्रपट सुचवायचे आहेत ज्यांत आकाशातून काहीही उतरत नाही आणि तरीही माणूस आतून बदलतो.

अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ (१९५२) हा त्यांपैकी पहिला. वातानाबे नावाचा एक सरकारी अधिकारी वर्षानुवर्षे कागदांवर शिक्के मारत बसलेला आहे. आपल्याला पोटाचा कर्करोग आहे आणि फार थोडे दिवस उरले आहेत हे त्याला कळते. आधी तो मौजमजेत रात्री घालवून पाहतो, मग कार्यालय सोडून गेलेल्या एका आनंदी तरुण मुलीच्या सहवासात जगण्याचे रहस्य शोधू पाहतो, आणि अखेर आपल्याच टेबलावर धूळ खात पडलेली एक तक्रार त्याला आठवते: वस्तीतल्या बायकांनी मागितलेले, घाण पाण्याच्या जागी मुलांसाठी खेळाचे मैदान.

या चित्रपटाची रचना विलक्षण आहे. नायक चित्रपट संपण्याच्या बराच आधी मरण पावतो आणि उरलेला भाग त्याच्या श्राद्धासारख्या बैठकीत घडतो. तिथे त्याचे सहकारी दारू पीत, एकमेकांना खोडून काढत, हा माणूस अखेरच्या महिन्यांत असा का वागला याचे कोडे सोडवतात. त्याने काय सोसले ते आपल्याला त्यांच्या तुटक आठवणींतून समजते. नशेच्या भरात ते सगळे त्याच्यासारखे जगण्याची शपथ घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात पुन्हा तेच सुरू होते. प्रेरणा मिळणे आणि ती टिकणे यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे मांडणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. देवाचे नाव त्यात जवळजवळ येतच नाही, पण निष्काम कर्म म्हणजे काय हे मला त्या वाकलेल्या, पुटपुटणाऱ्या, कोणी अपमान केला तरी दारातून न हलणाऱ्या माणसाकडे पाहून अनेक प्रवचनांपेक्षा जास्त समजले. २०२२ साली ‘लिव्हिंग’ या नावाने त्याचे इंग्रजी रूपांतर आले आणि तेही चांगले आहे, परंतु आपण मूळ चित्रपटच निवडावा.

दुसरा मराठी आहे, सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’. २०२१ साली, त्यांच्या निधनानंतर तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर तो बेतलेला आहे. आयुष्यभर वारी केलेला रामजी लोहार तरुण मुलाच्या मृत्यूने इतका खचला आहे की ज्या ओव्या त्याने इतकी वर्षे म्हटल्या त्यांतला एकही शब्द त्याला आधार देत नाही. सुनेकडे आणि नुकत्याच जन्मलेल्या नातीकडे पाहण्याचीही त्याची इच्छा उरलेली नाही. बाहेर पावसाची झड लागली आहे, सोबतीचे वारकरी पोथी वाचत आहेत, आणि त्याच वेळी शेजारच्या एका घरी गाय अडली आहे. अडलेली गाय सोडवण्यात रामजीचा हात धरणारा दुसरा कोणी नाही.

किशोर कदम यांचा चेहरा पाहत राहावा असा आहे. ज्ञानदेवांच्या अनुभवामृतातले अद्वैत इथे कोणीही समजावून सांगत नाही. ते रामजीच्या हाताला कळते, तेही काम करता करता, आणि मग त्याच्या डोळ्यांना. ‘आपल्याला वर्षानुवर्षे पाठ असलेले एखादे वचन आपल्याला खरोखर केव्हा समजते?’ एवढा एकच प्रश्न गटापुढे ठेवलात तरी चर्चा बराच वेळ चालेल. चित्रपट दीड तासाच्या आसपासचा आहे, त्यामुळे बोलण्याला वेळही उरतो.

त्याच दिग्दर्शिकेने सुनील सुकथनकर यांच्यासोबत केलेला ‘अस्तु’ही शक्य झाल्यास पाहा. स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे एक प्राध्यापक एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात एवढेच त्याचे कथासूत्र आहे. विद्वत्ता, नाव, नाती हे सगळे गळून गेल्यावर माणसात काय शिल्लक राहते हा प्रश्न त्यात मोहन आगाशे यांच्या अभिनयातून समोर येतो, आणि माहुताच्या बायकोच्या भूमिकेत अमृता सुभाष त्याला मायेचे उत्तर देतात.

मौनराग

वरचे सगळे चित्रपट कथा सांगणारे आहेत. कथा जवळजवळ नाहीच असा एखादा अनुभव आपल्या यादीत असावा असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी फिलिप ग्रोनिंग यांच्या ‘इंटू ग्रेट सायलेन्स’ (२००५) या माहितीपटाची मी शिफारस करतो.

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात कार्थुशियन या ख्रिस्ती पंथाचा ग्रांद शार्त्रूझ नावाचा मठ आहे. तिथले साधू बहुतांश वेळ मौनात राहतात. तिथे चित्रीकरण करू द्यावे अशी विनंती ग्रोनिंग यांनी १९८४ साली केली होती. अजून वेळ आलेली नाही, असे उत्तर त्यांना मिळाले, आणि सुमारे सोळा वर्षांनी मठाकडून होकार आला. मग ते एकटेच तिथे जाऊन राहिले. सोबत सहकारी नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, नंतर जोडलेले निवेदन किंवा पार्श्वसंगीतही नाही. पावणेतीन तासांच्या आसपासच्या या चित्रपटात बर्फ पडतो, लाकूड फोडले जाते, कापड बेतले जाते, रात्रीच्या अंधारात एका लहानशा दिव्याखाली प्रार्थना गायली जाते, आणि ऋतू बदलतात.

सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटे मन बंड करते, आणि ते स्वाभाविक आहे. ‘आता पुढे काय’ ही सवय सुटायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर कान उघडतात: पायऱ्यांवरची पावले, पानांवरचे पाणी, पान उलटल्याचा आवाज. ज्यांनी कधी ध्यानाला बसण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना ही अवस्था लगेच ओळखता येईल, आणि ज्यांनी तो केलेला नाही त्यांना ती या चित्रपटातून पहिल्यांदा अनुभवता येईल. शेवटाकडे एक वृद्ध, अंध साधू मृत्यूबद्दल आणि आपल्या अंधत्वाबद्दल कृतज्ञतेने बोलतो. इतक्या दीर्घ शांततेनंतर आलेले ते साधे शब्द फार खोलवर जातात. एका प्रसंगात हेच साधू बर्फाच्या उतारावरून मुलांसारखे घसरत खिदळतात, आणि वैराग्य म्हणजे कोरडेपणा ही आपली समजूत तिथे गळून पडते.

कृपया हा चित्रपट मोबाइलवर किंवा तुकड्यातुकड्यांनी पाहू नका. खोलीत अंधार करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि संपल्यावर लगेच चर्चा सुरू न करता थोडा वेळ तसेच बसा.

याच वाटेने पुढे जायचे असेल तर कोरियाच्या बे योंग-ग्युन यांचा ‘व्हाय हॅज बोधिधर्म लेफ्ट फॉर द ईस्ट?’ पाहावा. १९८९ साली लोकार्नो महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. डोंगरातल्या एका विहारात एक वृद्ध गुरू, घरदार सोडून आलेला एक तरुण भिक्षू आणि एक अनाथ मुलगा एवढीच माणसे आहेत. मुलाच्या हातून एक पक्षी जखमी होऊन मरतो, आणि मृत्यूची पहिली ओळख त्याला अशी होते. तरुण भिक्षूला सतत टोचत राहते ते आंधळ्या आईला मागे सोडून आल्याचे शल्य. मोक्षाच्या शोधात निघालेल्या माणसाने कर्तव्याचे काय करायचे, या प्रश्नाला हा चित्रपट शेवटपर्यंत हात घालून ठेवतो. किम की-दुक यांचा ‘स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग’ (२००३) त्याच्या तुलनेत पाहायला सोपा आणि दृश्यदृष्ट्या अतिशय देखणा आहे. लहान मुलाने मासा, बेडूक आणि साप यांना दगड बांधावेत आणि गुरूने झोपेतच त्याच्या पाठीवर दगड बांधावा, हा त्यातला प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही. त्यात काही शारीरिक जवळिकीची आणि हिंसेची दृश्ये आहेत, तेव्हा गटात कोण आहे ते पाहून ठरवा.

सांजवेळ

एक लहानशी सूचना. गटातल्या अश्रद्ध मंडळींचा विचार करता पासोलिनी यांचा ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ (१९६४) जरूर घ्यावा. दिग्दर्शक स्वतः मार्क्सवादी आणि नास्तिक, नट बहुतेक सगळे हौशी, संवाद जवळपास शब्दशः बायबलमधल्या ख्रिस्तचरित्रातले, आणि चित्रपट अर्पण केला आहे तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला. म्हाताऱ्या मेरीची भूमिका पासोलिनी यांच्या आईने केली आहे, आणि क्रुसाखालचा तिचा आक्रोश पाहताना धर्माची चौकट पार मागे पडते. श्रद्धा नसलेल्या माणसालाही एखाद्या श्रद्धेकडे इतक्या आदराने पाहता येते, हे पाहणेच आपल्या गटाला उपयोगी पडेल.

ओंजळ

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिलेत याबद्दल मी खरोखर आभारी आहे. निरंजन, जिजाईबद्दलचे आपले म्हणणे मला पटले, आणि चमत्काराबद्दलचे माझे मत मी आता राखून ठेवले आहे. ‘इकिरू’ आणि ‘दिठी’ हे दोन्ही नक्की घेत आहे.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे आणि ती जरा नाजूक आहे. आमच्यात एकजण अशी आहे की जिची श्रद्धा एका मोठ्या आघातानंतर पूर्णपणे गेली. ती या विषयाला नाही म्हणाली नाही, पण ‘शेवटी सगळे ठीक होते असे सांगणारे काही दाखवू नका’ एवढेच म्हणाली. तिला बरे वाटावे म्हणून एखादा चित्रपट निवडायचा असा माझा हेतू नाही. ती जिथे उभी आहे तिथे येऊन तिच्याशी बोलणारा असा एखादा चित्रपट आहे का?

दूरस्थ

आपल्या मैत्रिणीचे म्हणणे मला फार योग्य वाटते, आणि तिच्यासाठी एकच नाव घ्यायचे तर मी इंगमार बर्गमन यांच्या ‘विंटर लाइट’चे (१९६३) घेईन.

जेमतेम ऐंशी मिनिटांचा हा चित्रपट एका दिवसात घडतो. टोमास नावाचा धर्मोपदेशक आहे, त्याची बायको वारली आहे, अंगात ताप आहे, आणि ज्या देवाचे शब्द तो रोज उच्चारतो तो देव त्याला अजिबात ऐकू येत नाही. जगाच्या विनाशाच्या भीतीने ग्रासलेला एक कोळी त्याच्याकडे धीर मागायला येतो आणि टोमास त्याला धीर देण्याऐवजी स्वतःच्या संशयाचीच कबुली देत बसतो. त्याचे परिणाम भयंकर होतात, आणि बर्गमन ते कुठेही सौम्य करत नाहीत. टोमासवर प्रेम करणारी शिक्षिका स्वतः नास्तिक आहे आणि त्या साऱ्या गावात प्रार्थना या शब्दाला साजेसे काही तिच्याकडूनच घडते. अखेरीस चर्चचा अपंग सेवक टोमासला एक प्रश्न विचारतो. ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या वेदना तर काही तासांच्या होत्या, तशा शारीरिक वेदना मीही सोसल्या आहेत. पण आपल्याला सगळ्यांनी सोडले, देवानेही सोडले, असे त्याला वाटले तेव्हाचे दुःख अधिक मोठे नसेल का? त्यानंतर जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये टोमास नेहमीची प्रार्थना सुरू करतो. ती पराभवाची सवय आहे की श्रद्धेचे शेवटचे मूळ आहे, हे चित्रपट सांगत नाही. ज्याची श्रद्धा गेली आहे त्याला हा चित्रपट परत बोलावत नाही, मात्र देवाने सोडून दिल्याची जाणीव हीसुद्धा श्रद्धेच्या इतिहासाचाच एक भाग आहे, एवढे तो नक्की दाखवतो.

एक सांगून ठेवतो: या चित्रपटात आत्महत्येचा प्रसंग येतो. आपल्या मैत्रिणीवरचा आघात त्या प्रकारचा असेल तर तिला आधी विचारल्याशिवाय हा लावू नका.

तसे असेल तर आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ विचारात घ्या, जरी तो तीन तासांचा आहे आणि त्यातही क्रौर्याची, प्राण्यांच्या हालांची दृश्ये आहेत. १९६६ साली पूर्ण झालेला हा चित्रपट सोव्हिएत संघात प्रदर्शित व्हायला १९७१ उजाडले. पंधराव्या शतकातला हा चित्रकार एका कत्तलीत स्वतःच्या हाताने माणूस मारतो आणि त्यानंतर चित्रे काढणेही सोडतो व बोलणेही. शेवटच्या प्रकरणात एक पोरसवदा मुलगा बोरिस्का प्रचंड घंटा ओतायचे काम अंगावर घेतो, कारण घंटा ओतण्याचे गुपित मरताना वडिलांनी आपल्याला सांगितले असे तो म्हणतो. घंटा वाजली नाही तर त्याचा जीव जाणार. ती वाजते, आणि मुलगा चिखलात कोसळून रडत सांगतो की वडिलांनी त्याला काहीच सांगितले नव्हते. त्याला कुशीत घेताना रुब्लेव्ह आपले मौन सोडतो. कोणतीही हमी नसताना केलेले काम, हीच इथली श्रद्धा आहे. ‘सगळे ठीक झाले’ असे हा चित्रपट म्हणत नाही. मेलेली माणसे मेलेलीच राहतात. त्यानंतर पडदा प्रथमच रंगीत होतो आणि रुब्लेव्हची चित्रे जवळून, तुकड्यातुकड्यांनी दिसू लागतात.

तिसरा पर्याय झाविए बोव्हुआ यांचा ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ (२०१०). अल्जीरियातल्या तिबिरीन या गावी मुस्लिम शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या काही ख्रिस्ती साधूंचे १९९६ साली अपहरण झाले आणि सात जणांना प्राण गमवावे लागले. चित्रपटाचा भर त्या शेवटावर नाही. जीव वाचवायला निघून जावे की थांबावे, हे ते एकत्र बसून ठरवतात, त्यांच्यात मतभेद होतात, कोणी घाबरतो, कोणी रात्री देवाकडे आक्रोश करतो, आणि हळूहळू एकेकजण आपापल्या कारणाने थांबायचे ठरवतो. थांबण्यात वीरश्री नाही. गावातले रुग्ण उद्या सकाळी औषधाला येणार आहेत, हे कारण एखाद्याला पुरेसे वाटते. शेवटच्या एकत्र भोजनात त्यांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा संथपणे फिरतो तेव्हा आनंद आणि भीती एकाच चेहऱ्यावर कशी नांदतात ते दिसते.

पारिजात

दूरस्थ यांच्या तिसऱ्या पर्यायाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आपल्या मैत्रिणीने जी अट घातली आहे ती ‘दिठी’च्या बाबतीतही लक्षात ठेवा. त्याचा शेवट सांत्वनाकडे झुकतो. माझ्या मते ते सांत्वन कष्टाने मिळवलेले आहे, परंतु अपत्य गमावलेल्या माणसाला ते लवकर आल्यासारखे वाटू शकते. तिला कथासूत्र आधी सांगून तिचे मत घ्यावे.

निरंजन

क्रमाबद्दल थोडे सांगतो, कारण चांगले चित्रपट चुकीच्या क्रमाने लावल्यामुळे वाया गेल्याचे मी पाहिले आहे. सुरुवात ‘इकिरू’ने करावी, तो सगळ्यांना आपलासा वाटतो आणि कोणालाही आपल्या श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा बचाव करावा लागत नाही. त्यानंतर ‘संत तुकाराम’ घ्यावा आणि चर्चा जिजाईपासून सुरू करावी. ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ तिसरा, कारण तोवर गटाला एकमेकांचे ऐकून घेण्याची सवय झालेली असेल आणि त्या चित्रपटात माणसे तेच करत असतात. मौनराग यांनी सुचवलेला माहितीपट त्यानंतर, सुट्टीच्या दिवशी सकाळी. ‘विंटर लाइट’ आणि ‘ऑर्डेट’ पाठोपाठच्या महिन्यांत घ्यावेत. एकात देव मौन आहे आणि दुसऱ्यात एक हाक ऐकली जाते. आपल्या मैत्रिणीला ‘ऑर्डेट’चा शेवट खोटा वाटला तर तिला तसे स्पष्ट म्हणू द्या आणि कोणीही घाईने तिची समजूत घालू नका. उरलेल्यांनी त्यावर आपापले म्हणणे मांडावे. ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ मात्र सगळ्यांनी मिळून मागितला तरच लावा, आणि मध्ये एकदा विश्रांती ठेवा. त्याचे दोन भाग आहेत, त्यामुळे थांबायची जागा आपोआप सापडते.